गाडींतला शेजार

मराठी वाङ्मयांत मैत्रीचीं चित्रें थोडीं नाहींत. शाळेंतल्या मित्रांचीं आहेत, वसतिगृहांतल्या मित्रांचीं आहेत, एका ध्येयामागें लागून तुरुंगांत गेलेल्या तरुणांचीं आहेत. पुण्यास १९२३ सालीं रविकिरण मंडळ निघालें तेव्हांपासून कवींचा स्नेह हासुद्धां वाङ्मयेतिहासांतील एक विषय होऊन बसला. परंतु या सर्व ठिकाणीं मित्र हे एकमेकांस आवडले म्हणून, किंवा एका मताचे होते म्हणून, एकत्र आलेले असतात. ज्या स्नेहाची निवड माणसानें केलेली नसून वेळापत्रकानें केलेली असते, त्याच्याकडे आमच्या लेखकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. ठाणें, डोंबिवली आणि कल्याण येथून रोज मुंबईस कामावर जाणाऱ्या लोकांचा आगगाडीच्या डब्यांतील स्नेह हा या जातीचा आहे. तीन पिढ्या तो असंख्य कुटुंबांच्या अनुभवाचा आहे; आणि तरी त्याचें पुरें चित्र कोणी काढलें आहे काय, असा प्रश्न केला तर उत्तर देतांना बराच विचार करावा लागतो. कोणी काय काढलें आणि काय सोडलें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा स्नेह कशांतून निघाला हें प्रथम सांगितलें पाहिजे. १८५३ सालच्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि पुढल्याच वर्षीं ती कल्याणपर्यंत जाऊं लागली. डोंबिवलीचें स्टेशन १८८७ सालचें. १९२५ सालापासून मुंबईंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या, आणि मग मुंबईंत नोकरी व ठाण्याकल्याणास बिऱ्हाड ही व्यवस्था हळूहळू मध्यम वर्गाच्या आटोक्यांत आली. गिरगांव, दादर, परळ येथल्या चाळींत ज्यांस जागा अपुरी पडली त्यांपैकीं पुष्कळांनीं पुढें डोंबिवलीस दोन खोल्या घेतल्या. त्यांस स्वतःची मोरी मिळाली, स्वतःचें दार मिळालें. पण चाळीची गॅलरी गेली. गॅलरींत उभें राहून एकमेकांच्या घरचीं दुखणींखुपणीं विचारण्याचा जो वेळ होता, तो आतां प्रवासांत जाऊं लागला. कल्याणहून बोरीबंदर सुमारें ५४ किलोमीटर, डोंबिवलीहून सुमारें ४८. जाण्यास एक तास व येण्यास एक तास धरला आणि वर्षाचे ३०० दिवस कामाचे धरले, तर ६०० तास, म्हणजे रात्र व दिवस मिळून पंचवीस दिवस, माणूस दरवर्षीं गाडींत काढतो. तीस वर्षांच्या नोकरींत ही बेरीज दोन वर्षांवर जाते. इतका काळ ज्यांच्या खांद्याला खांदा लावून घालवावयाचा तीं माणसें परकीं राहणें शक्यच नसतें.

या शेजाराचे कायदे कोठेंहि लिहिलेले नाहींत, पण ते पाळले मात्र कसोशीनें जातात. ठराविक गाडी, ठराविक डबा, ठराविक दार. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, आणि त्या अर्ध्यामुर्ध्या जागेला 'चौथी सीट' असें स्वतंत्र नांव आहे. ज्यानें कल्याणपासून बसून प्रवास केला त्यानें ठाणें आलें, फार तर घाटकोपर आलें, म्हणजे न सांगतां उठावें आणि उभ्या असलेल्या सोबत्यास बसवावें. ज्याची पाठ दुखते त्याची 'विंडो'. डोंबिवलीस गर्दींतून आंत शिरणें ज्यास झेपत नाहीं तो आधीं उलट कल्याणपर्यंत जातो आणि तेथून बसून परत येतो. त्यासाठीं लागणारा वेळ तो आपल्या झोंपेंतून कापून काढतो. एखादा सोबती दोन दिवस दिसला नाहीं कीं तिसऱ्या दिवशीं विचारणा होते. भिशीचा नंबर या महिन्यांत कोणाच्या मुलीच्या लग्नासाठीं सोडावयाचा, कोणाच्या वडिलांस कोणत्या डॉक्टराकडे न्यावें, बारावींत नापास झालेल्या मुलास कोणत्या कामाला लावावें, घराचा हप्ता थकला तर पतपेढींत कोणाची ओळख आहे, असल्या गोष्टींचे निकाल मुंब्रा व कुर्ला यांच्या दरम्यान लागतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं डब्याला झेंडूचीं तोरणें बांधून पूजा होते व पेढे वाटले जातात. बायकांच्या डब्यांत भाज्या निवडून होतात, वाढदिवस होतात, कधीं डोहाळजेवणहि होतें.

आणि इतकें असून या माणसांनीं एकमेकांचीं घरें पुष्कळदां पाहिलेलीं नसतात. आडनांव माहीत असतें, पत्ता नसतो. कित्येकदां आडनांवहि नसतें, 'बँकवाले', 'मंत्रालय', 'मामा' एवढ्यावर भागतें. ज्याच्यापाशीं मनुष्य आपल्या मुलाचें व्यसन बोलून दाखवितो त्याची बायको रस्त्यांत भेटली तर ती ओळखूं येणार नाहीं. जिव्हाळा आहे आणि घरोबा नाहीं, असा हा विलक्षण संबंध आहे. कथालेखकास तो पेलण्यास जड जातो, तो यामुळेंच.

या विषयाच्या अगदीं उंबरठ्यापर्यंत येऊन पोंचलेलें मराठी पुस्तक म्हणजे पु. ल. देशपांडे यांचें 'बटाट्याची चाळ'. तें १९५८ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील 'गच्चीसह झालीच पाहिजे' हें प्रकरण वाचकांच्या स्मरणांत असेलच. माणसांना एकत्र आणणारी वस्तु तत्त्व नसून बहुधा अपुरी जागा असते, ही गोष्ट देशपांड्यांनीं हंसत हंसत सांगितली, आणि ती जितकी खरी आहे तितकी त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आली नसावी. परंतु त्यांचें हंसूं चाळीबरोबर थांबलें. चाळींतून उठून जे लोक रुळांच्या कडेनें पुढें पुढें राहावयास गेले, त्यांच्या मागोमाग हें हंसूं गेलें तें अनुकरणकारांच्या हातून. दिवाळी अंकांतून व वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानांतून लोकल गाडीवर जे शेंकडों विनोदी लेख आले, त्यांत विंडोसाठीं भांडणारे काका आहेत, पेंगतांना शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकें टाकणारे गृहस्थ आहेत, आणि तेच ते आहेत. असल्या लेखनानें वाचक सुखावतो, कारण आपल्या हालअपेष्टा ही एक गंमत आहे असें त्यास क्षणभर वाटतें. याहून अधिक कांहीं त्यानें साधत नाहीं.

सर्वांत गाजलेली कृति मात्र पुस्तक नसून बोलपट आहे. निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' २००५ सालीं आला व उत्कृष्ट मराठी चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक त्यास मिळालें. माधव आपटे हा बँकेंतला नोकर, सचोटीचा, नियमाचा, बायकामुलांचा गृहस्थ. तीच सकाळ, तीच धांवपळ, तीच गाडी. एके दिवशीं थंड पेयाच्या बाटलीवर छापलेल्या किंमतीहून जास्त पैसे दुकानदार मागतो, एवढ्या निमित्तानें त्याचा तोल सुटतो, आणि क्रिकेटची बॅट हातांत घेऊन तो शहरभर न्याय करीत फिरतो. संदीप कुलकर्णी यांनीं ही भूमिका इतक्या संयमानें केली आहे कीं, आपल्या ओळखीचा कोणी सज्जन मनुष्य डोळ्यांदेखत मोडत आहे असें पाहणाऱ्यास वाटावें. चित्रपटाचा पहिला भाग, जेथें फक्त दिनक्रम दाखविला आहे आणि घडत कांहींच नाहीं, तो आमच्या मतें मराठी पडद्यावरील उत्तम भागांपैकीं एक आहे.

तथापि या चित्रपटाच्या मुळाशीं एक अडचण आहे. १९९३ सालच्या 'फॉलिंग डाउन' या जोएल शूमाकर यांच्या अमेरिकन चित्रपटाशीं त्याचें नातें आहे हें पुष्कळांनीं दाखविलें आहे. शीत पेयाची किंमत व हातांतील बॅट हीं दोन्ही तेथें आहेत. उसनवारीचा दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. 'डोंबिवली फास्ट'नें कथा आपलीशी करून घेतली आहे, यांत संशय नाहीं. परंतु अमेरिकन कथेचा नायक लॉस एंजेलिसच्या रस्त्यांत अडकलेल्या मोटारींत एकटा बसलेला असतो. तेथील नोकरदार मनुष्य कांचा वर करून एकटाच कामावर जातो, त्यामुळें त्याचें एकटेपण निराळें सिद्ध करावें लागत नाहीं. माधव आपटे मात्र मोटारींतून उतरलेला नाहीं. तो डोंबिवलीच्या गाडींतून उतरलेला आहे. वर्षानुवर्षें एकच गाडी धरणाऱ्या माणसास डब्यांत कोणीच नाहीं, त्याचा चेहरा उतरलेला पाहून 'काय आपटे, आज बरें नाहीं काय?' असें विचारणारा एकहि सोबती कथेंत पुढें येत नाहीं, हें कसें? मोटारींतलें एकटेपण उचलून गाडींत ठेवलें आणि गाडी रिकामी करावी लागली, असा हा प्रकार झाला.

यावर असें उत्तर देतां येईल कीं, तत्त्वास चिकटून बसणाऱ्या माणसास मित्र नसतातच. हें उत्तर मोठें महत्त्वाचें आहे, आणि चित्रपटानें तें स्वतः दिलें असतें तर तो कितीतरी मोठा झाला असता. कल्पना करावी कीं, माधव आपट्यास एक मंडळ आहे. दुकानदाराची तक्रार तो तेथें सांगतो. मंडळ काय म्हणेल? मंडळ म्हणेल, 'जाऊं द्या हो, दोन रुपयांसाठीं कशाला डोकें फिरवून घेतां?' मग कोणी त्याच्या हातावर शेंगदाणे ठेवील, कोणी आपल्या साहेबाची नक्कल करील, आणि ठाणें येईपर्यंत त्याचा राग निवेल. दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां कामावर जाईल. ती बॅट माळ्यावरच राहील, आणि दुकानदारहि दोन रुपये जास्त घेतच राहील.

या 'जाऊं द्या' शब्दांत गाडींतल्या स्नेहाचें सारें बळ आहे आणि त्याची सारी मर्यादाहि आहे. जें सोसण्यासारखें नाहीं तें या मैत्रीमुळें सोसवतें. घामाच्या गर्दींत तासभर एका पायावर उभें राहणें कोणासहि असह्य व्हावें. पण समोर चार ओळखीचे चेहरे असले म्हणजे तें रोजचें होऊन जातें. ज्या मुलीस नोकरी सोडून द्यावी असें दर सोमवारीं वाटतें ती बायकांच्या डब्यांतील सोबतीमुळें ती सोडीत नाहीं, आणि तिचें घर चालतें. हें लहान काम नव्हे. परंतु सोसण्याची शक्ति देणारा हा स्नेह सोसण्याची संवयहि लावून देतो, हें कोणत्या लेखकानें लिहिलें आहे? एक पक्ष एकटा मनुष्य रंगवितो, दुसरा पक्ष गोड मंडळ रंगवितो. मंडळ आहे म्हणूनच मनुष्य तगला, आणि तगला म्हणूनच गर्दी तशीच राहिली, ही मधली गोष्ट दोघांच्याहि हातून निसटली आहे.

गोड मंडळाचीं उदाहरणें हिंदींत अधिक आहेत, आणि तीं थोडक्यांत आटोपतां येतील. 'लेडीज स्पेशल' ही मालिका २००९ सालीं दूरचित्रवाणीवर आली. बायकांच्या गाडींत चार निरनिराळ्या घरच्या बायका मैत्रिणी होतात, हा तिचा विषय. मुंबईच्या पश्चिम मार्गावर बायकांची स्वतंत्र गाडी १९९२ सालीं निघाली होती, तेव्हां विषय वास्तवांतलाच. आरंभ चांगला होता. पण मालिकेला घर लागतें, सासू लागते, आणि मग गाडी मागें पडून घरांतल्या उलाढालींनाच रंग चढतो. वास्तविक त्या डब्याचें बायकांना जें मोल आहे तें तो घर नाहीं म्हणूनच आहे. तेथें ती कोणाची सून नसते, कोणाची हाताखालची नसते. विभावरी शिरूरकर यांनीं १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' लिहून शिकलेल्या मध्यमवर्गीय मुलीच्या मनांतलें प्रथम उघड केलें, तेव्हां त्या मुलीला तें बोलावयास जागाच नव्हती म्हणून केवढा गहजब झाला. तिच्या नातींना बोलावयास एक जागा मिळाली आहे, आणि ती दिवसांतून दोन तास चालती असते. विभावरीबाईंच्या तोडीच्या लेखिकेनें त्या डब्यांत बसून लिहिलेलें पुस्तक आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. रितेश बत्रा यांच्या 'लंचबॉक्स' (२०१३) या हिंदी चित्रपटांत शेख नांवाचा तरुण कारकून गाडींत बसल्याबसल्या रात्रीच्या स्वयंपाकाची भाजी चिरतो, आणि शेवटीं डबेवाल्यांचें भजन आहे. दोन्ही जागा लहान आहेत, पण दिग्दर्शकाचे डोळे उघडे होते हें त्यांवरून कळतें.

मराठी कथेला हा विषय कां सांपडला नाहीं, याचें एक कारण कथेच्या आमच्या कल्पनेंत आहे. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधना'नें (१९३१) एका पिढीस असें शिकविलें कीं, कथेस गुंतागुंत हवी, निरगांठ हवी, उकल हवी. गाडींतल्या स्नेहाला गुंतागुंत नाहीं. कालच्यासारखा आज असतो व आजच्यासारखा उद्यां. त्यांत कोणी रुसला तर मुलुंडपर्यंत रुसतो. पुढें १९४५ च्या सुमारास नवकथा आली, गंगाधर गाडगीळ यांनीं गोष्टीची गुंफण बाजूस सारून मुंबईच्या लहान माणसांच्या मनांत डोकावून पाहिलें, आणि ही वाट मोकळी झाली असें वाटलें. पण नवकथेची नजर मनाच्या आंत वळलेली. तिला डब्यांत एकटेंच मन दिसलें. अरुण साधू यांच्या 'झिपऱ्या' कादंबरींत स्टेशनावर बूट-पॉलिश करणाऱ्या पोरांची टोळी आहे, आणि त्या टोळीचा आपसांतला जीव व आपसांतली मारामारी दोन्ही तेथें आहेत. फलाटावरच्या अनाथ पोरांना कादंबरीकार मिळाला, पण महिन्याचा पास खिशांत घालून त्याच फलाटावर उभ्या राहणाऱ्या कारकुनांस मात्र मिळाला नाहीं! लेखकांची वाण होती असेंहि नाहीं. पु. भा. भावे डोंबिवलीस राहत, शं. ना. नवरे तर डोंबिवलीचेच म्हणून ओळखले जात. साहित्य संमेलन २०१० सालीं ठाण्यास व २०१७ सालीं डोंबिवलीस भरलें. मांडवांत बसलेल्या श्रोत्यांपैकीं कित्येक रोज एकाच डब्यांतून जाणारे असतील.

या मंडळांनीं स्वतःसाठीं जें वाङ्मय निवडलें तें कथा नव्हे, अभंग. गाडींतल्या भजनी मंडळांचा विचार कलेच्या दृष्टीनें कोणी करीत नाहीं, तो करण्यासारखा आहे. टाळांच्या दोन जोड्या, आणि मृदंगाऐवजीं डब्याचा पत्रा. अभंग हाच तेथें कां चालला? एक तर तो तोंडपाठ असतो, पुस्तक उघडण्यास हात मोकळा लागत नाहीं. दुसरें, एकानें चरण म्हणावा व बाकीच्यांनीं धृपद उचलावें अशी त्याची रचना असल्यामुळें, ज्याचा गळा फाटका आहे त्यालाहि त्यांत जागा मिळते, चौथ्या सीटसारखीच. तिसरें, तो कोठेंहि संपवितां येतो. भायखळ्यास उतरणाऱ्यासाठीं अभंग थोडा लांबवितात, पुढें जाणाऱ्यांसाठीं नवा धरतात. स्वर पुष्कळदां बेसूर असतो, आणि ज्यास रात्रपाळी करून डोळा लावावयाचा आहे त्यास हें गाणें नको होतें, त्याच्या नापसंतीलाहि अर्थ आहे. पण ज्या कलेला श्रोता लागत नाहीं, सर्वच गाणारे असतात, तिला मैफलीची कसोटी लावणें चुकीचें ठरेल. तिची कसोटी दिंडीची.

दिंडीचा विषय निघाला तेव्हां एका जुन्या निबंधाची आठवण करून देणें अवश्य आहे. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहांत 'वाटचाल' हा निबंध आहे. पंढरपुरच्या वाटेवर त्या स्वतः दिंडीबरोबर चालल्या. वाटेवर जुळलेल्या मायेचें त्यांनीं जें वर्णन केलें आहे त्यांत कसर ठेवलेली नाहीं; त्या मायेनें त्या स्वतः भारावल्या होत्या हें ओळीओळींतून दिसतें. आणि तरी एकच अभंग म्हणत चालणारीं माणसें जेवावयास जातीजातीप्रमाणें वेगळीं बसतात, ही गोष्ट त्यांस बोंचली व ती त्यांनीं त्याच निबंधांत लिहून ठेवली. स्नेहाचा गौरव करतांना त्याची सीमा दाखविली तर गौरव कमी होतो, अशी भीति त्यांस वाटली नाहीं. गाडींतल्या दिंडीस अशीच लेखणी हवी होती.

कारण या दिंडीसहि सीमा आहे, आणि ती दाराशीं आहे. मंडळाची जागा रुमाल टाकून धरली जाते. तेथें नवखा बसला तर त्यास उठवितात. मधल्या स्टेशनावर चढूं पाहणाऱ्यास दारांतून वाट मिळत नाहीं. जलद गाडींतून जो मध्येंच उतरूं पाहतो त्यास 'स्लोनें कां आला नाहींस?' हें ऐकावें लागतें, आणि कित्येकदां त्यास उतरूंहि देत नाहींत, पुढल्या स्टेशनापर्यंत नेतात. हीं माणसें दुष्ट नाहींत. ज्यानें दारांत खांदा आडवा धरला तोच आंत वळून आपल्या सोबत्याच्या आईच्या शस्त्रक्रियेसाठीं वर्गणी गोळा करतो. दोन्ही गोष्टी एकाच कारणानें होतात: जागा थोडी आहे, आणि ती आपल्या माणसांसाठीं राखावयाची आहे. २०२५ सालच्या जूनच्या ९ तारखेस सकाळीं मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरल्या गाड्या शेजारून जात असतां दारांत उभे असलेले प्रवासी खालीं पडले आणि त्यांपैकीं कित्येकांचे प्राण गेले. त्यानंतर गाड्यांना आपोआप मिटणारीं दारें बसविण्याची भाषा सुरू झाली. त्या पडलेल्यांचा संबंध कोणत्याहि मंडळाशीं जोडण्याचा येथें हेतु नाहीं. गर्दी सर्वांची आहे व ती कमी करणें हें सोबत्यांच्या हातचें नाहीं. इतकेंच म्हणावयाचें आहे कीं, डब्यांतल्या मायेविषयीं जो लिहील त्यानें दाराकडे पाठ करून लिहूं नये. भाऊ पाध्ये यांनीं 'वासूनाका'मध्यें (१९६५) नाक्यावरच्या पोरांची दोस्ती तिच्या घाणीसकट लिहिली, म्हणून आचार्य अत्रे त्यांच्यावर तुटून पडले. पांढरपेशा मंडळींचा नाका डब्यांत असतो, आणि त्याचा कोणी पाध्ये अजून झाला नाहीं.

या स्नेहाची एक परीक्षा अलीकडेच होऊन गेली. २०२० सालच्या मार्च महिन्यांत महामारीमुळें लोकल गाड्या बंद झाल्या, आणि सामान्य प्रवाशांस त्यांत पुन्हां पाय ठेवण्यास पुढचें वर्ष उजाडावें लागलें. ज्या मंडळांचा पाया एक गाडी व एक दार एवढाच होता, तीं त्याबरोबर नाहींशीं व्हावयास हवीं होतीं. तीं झालीं नाहींत. भ्रमणध्वनीवर 'गाडी दहा मिनिटें उशिरा' अशी वर्दी देण्यासाठीं जो गट केलेला होता, त्यावरच कोणाच्या घरीं ताप आहे, कोठें खाट मिळते, कोणाचा पगार निम्मा झाला, याची वर्दी जाऊं लागली. ज्यांचे पत्ते ठाऊक नव्हते ते पत्ते प्रथमच विचारले गेले. आमच्या दृष्टीनें या विषयांतील खरी कथा येथें आहे. कारण वेळापत्रकानें जुळविलेले लोक वेळापत्रक नाहींसें झाल्यावर एकमेकांस धरून राहिले, आणि पुढें गाड्या सुरू झाल्यावर त्यांतल्या कांहीं जागा रिकाम्या राहिल्या. त्या रिकाम्या जागेवर पहिल्या दिवशीं कोणी बसलें काय, आणि कोणास बसूं दिलें, एवढाच प्रसंग एखाद्या कथालेखकास पुरेसा आहे.

साधनें मात्र गोळा करून ठेवलीं पाहिजेत. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें आहे, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. दोहोंनींहि आजवर जुन्या मुद्रित ग्रंथांची काळजी वाहिली. आतां त्यांनीं आपल्याच वाचकांपाशीं दुसरी एक वस्तु मागावी: भजनी मंडळांच्या वह्या, भिशीचे हिशेब, दसऱ्याच्या वर्गणीच्या याद्या, सेवानिवृत्त सोबत्याला निरोप देतांना वाचलेलीं चार वाक्यें. बारा-पंधरा माणसांच्या मंडळाची पंचवीस वर्षांची भिशीची वही नीट वाचली तर त्या घरांतलीं लग्नें, आजार, नोकऱ्या गेल्याचीं सालें, सर्व त्या आंकड्यांतून बाहेर येतील. जे वहीचे धनी आहेत ते एकेक करून निवृत्त होत आहेत, आणि निवृत्तीनंतर घर आवरतांना असल्या वह्या प्रथम रद्दींत जातात.